चेक-इन काउंटरवर कुत्र्याला विमानात घेण्यास नकार मिळतो : लक्षणे, तपासण्या आणि कुठे थांबावे

बदली, शिक्षण किंवा परदेशातील नोकरीच्या निमित्ताने पुणे-मुंबई परिसरातून कुत्र्यासह निघणाऱ्या कुटुंबांची तयारी करून देण्याचे काम मी बरीच वर्षे करत आले आहे, आणि या कामात एकच तक्रार पुन्हा पुन्हा समोर येते. तिकीट हातात असते, कागदांची फाइल भरलेली असते, कुत्रा पिंजऱ्यात बसलेला असतो, आणि तरीही काउंटरवर 'याला घेता येणार नाही' असे उत्तर मिळते. नकार काउंटरवर मिळत असला, तरी त्याचे कारण जवळजवळ नेहमीच काही दिवस आणि कधीकधी काही महिने आधीच तयार झालेले असते, म्हणून ते घरी बसून शोधता येते. खालच्या तपासण्या मी ज्या क्रमाने करते त्याच क्रमाने दिल्या आहेत : आधी फोनवर आणि फुकटात होणाऱ्या, मग वजनकाटा व मोजपट्टी लागणाऱ्या, आणि शेवटी ज्यांना आठवडे किंवा महिने लागतात त्या. क्रम मोडू नये, कारण पहिल्याच तपासणीत अडकणाऱ्या प्रवासासाठी महागडा पिंजरा विकत घेण्यात काही अर्थ नसतो.

लक्षणे

नकार कोणत्या शब्दांत मिळाला हे नीट ऐकून घ्यावे, कारण दोष कुठे आहे हे त्यावरूनच बहुतेक वेळा कळते.

- 'तुमच्या पीएनआरवर पेट दिसत नाही' किंवा 'या फ्लाइटचा कोटा भरला आहे' : दोष नोंदणीत आहे.
- 'ही जात आम्ही घेत नाही', 'या विमानात होल्डमध्ये (विमानाच्या पोटातल्या सामानकक्षात) प्राणी नेता येत नाही' : दोष कंपनीच्या किंवा विमानाच्या निवडीत आहे.
- 'वजन जास्त भरले' किंवा 'पिंजरा लहान आहे' : दोष मोजमापात आहे.
- 'हा पिंजरा चालणार नाही', आणि माप मात्र बरोबर आहे : दोष जोडणीत आहे.
- प्रमाणपत्र उलटसुलट करून पाहिले जाते, तारखेवर बोट ठेवले जाते, वरिष्ठांना बोलावले जाते : दोष फाइलमध्ये आहे.
- कागद व पिंजरा ठीक असूनही कर्मचारी कुत्र्याकडेच पाहत राहतात, कारण तो धापा टाकतो आहे, छातीवरून लाळ गळते आहे, जाळी ओरबाडतो आहे, किंवा याउलट गुंगीत मान टाकून पडला आहे : दोष सवयीत किंवा प्रकृतीत आहे, आणि अशा वेळी दिलेला नकार कुत्र्याच्या हिताचाच असतो.

फोनवर होणाऱ्या तपासण्या

प्रवाशाचे तिकीट आणि कुत्र्याची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. संकेतस्थळावर 'पेट' या चौकटीत खूण केली म्हणजे विनंती गेली, मान्यता मिळाली असे नाही. एका उड्डाणात मोजक्याच प्राण्यांना जागा असते आणि ती आधी मागणाऱ्याला मिळते. म्हणून तिकीट काढण्यापूर्वीच ग्राहक सेवा केंद्राला फोन करून त्या तारखेच्या, त्या क्रमांकाच्या उड्डाणात जागा आहे का, हे विचारावे, आणि तिकीट काढल्यावर लगेच पुन्हा फोन करून नोंद पक्की करून घ्यावी. विमान कंपन्यांच्या प्रणालीत केबिनमधील प्राण्यासाठी पीईटीसी आणि होल्डमधील प्राण्यासाठी एव्हीआयएच हा संकेत वापरला जातो. फोनवरील व्यक्तीला 'माझ्या पीएनआरवर हा संकेत आहे का आणि त्याची स्थिती एचके आहे का' असे नेमके विचारले, की उत्तर टाळता येत नाही. एचके म्हणजे मान्यता मिळाली, तर एचएन म्हणजे विनंती अजून प्रलंबित आहे. मान्यतेचा ईमेल मागून घ्यावा आणि त्याची छापील प्रत फाइलमध्ये सर्वांत वर ठेवावी.

नोंद पक्की झाली तरी ती टिकून राहिली आहे का, हे निघण्यापूर्वी दोन दिवस पुन्हा तपासावे. उड्डाणाची वेळ बदलली, विमान बदलले किंवा प्रवाशाने स्वतः तारीख बदलली, तर नव्या नोंदीत प्रवाशाचे नाव येते, पण कुत्र्याचा संकेत अनेकदा मागेच राहतो, आणि ही गोष्ट काउंटरवर पोहोचेपर्यंत कुणाच्याही लक्षात येत नाही. एका कंपनीने विकलेले तिकीट दुसऱ्या कंपनीच्या विमानाचे असेल, तर ज्या कंपनीचे विमान प्रत्यक्ष उडणार आहे तिचाच नियम लागू होतो, त्यामुळे फोनही तिलाच करावा.

याच फोनवर कंपनीचा मूळ नियम विचारून घ्यावा. इंडिगो सेवा-श्वानांव्यतिरिक्त पाळीव प्राणी नेत नाही. अकासा एअरने नोव्हेंबर २०२२ पासून पाळीव कुत्री-मांजरी नेण्यास सुरुवात केली. एअर इंडिया पूर्वीपासून नेते. मात्र वजनाच्या मर्यादा आणि शुल्क अधूनमधून बदलत असल्यामुळे ओळखीच्या कुणाच्या जुन्या अनुभवावर विसंबू नये, त्या आठवड्यात कंपनीच्या पानावर जे लिहिले असेल तेच धरावे. सेवा-श्वान नसलेल्या कुत्र्याला तसा दाखवण्याचा सल्ला काही जण देतात. तो मुळीच मानू नये. अमेरिकेनेही जानेवारी २०२१ पासून लागू झालेल्या नियमाने केवळ भावनिक आधारासाठी पाळलेल्या प्राण्यांना सेवा-प्राण्यांच्या व्याख्येतून वगळले आहे, आणि खोट्या दाव्याचा त्रास खऱ्या सेवा-श्वानावर अवलंबून असलेल्या अंध प्रवाशाला होतो.

पग, बुलडॉग, बॉक्सर, शिह त्झू, पेकिनीज, बोस्टन टेरियर या आखूड तोंडाच्या जातींसाठी वेगळा प्रश्न विचारावा लागतो, कारण बऱ्याच कंपन्या त्यांना होल्डमध्ये घेतच नाहीत. कुत्रा घामाने थंड होत नाही, तो धापा टाकून थंड होतो. या जातींच्या नाकपुड्या अरुंद आणि टाळूचा मऊ भाग लांब असल्यामुळे भीतीने किंवा उष्म्याने धापा वाढल्या, की घशातील सूज वाढते आणि हवेची वाट आणखी अरुंद होते. अमेरिकेच्या वाहतूक विभागाने २०१० मध्ये जाहीर केलेल्या माहितीनुसार, आधीच्या पाच वर्षांत विमान प्रवासात मरण पावलेल्या शुद्ध जातीच्या कुत्र्यांपैकी साधारण निम्मी आखूड तोंडाची होती. तुमचा पग केबिनच्या वजनमर्यादेत बसत नसेल, तर पुढच्या तपासण्या करत बसू नका; थेट शेवटी दिलेला रेल्वेचा पर्याय वाचा.

वजनकाटा आणि मोजपट्टी

केबिनची वजनमर्यादा ही कुत्रा आणि पिशवी यांची मिळून असते. घरच्या काट्यावर कुत्र्याला उचलून उभे राहावे, मग एकट्याने उभे राहावे आणि फरक काढावा; त्यात रिकाम्या पिशवीचे, गादीचे आणि पाण्याच्या भांड्याचे वजन मिळवावे. वजन मर्यादेच्या काठावर असेल तर ते मर्यादेबाहेर आहे असेच धरावे. होल्डच्या बाबतीत अनेक कंपन्या एका नगाचे वजन ३२ किलोपर्यंतच सामान म्हणून स्वीकारतात, त्यामुळे तीस किलोचा लॅब्रेडोर आणि त्याचा पिंजरा मिळून मर्यादा सहज ओलांडतात आणि त्यांना कार्गो विभागातून, वेगळ्या इमारतीतून, वेगळ्या वेळी पाठवावे लागते. हे काउंटरवर कळले, तर त्या दिवशी काहीच करता येत नाही.

आता पिंजऱ्याचे माप. नकाराच्या कारणांत मला हेच सर्वांत जास्त वेळा सापडते, आणि ते मोजपट्टीने दहा मिनिटांत तपासता येते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयाटाच्या, जिवंत प्राण्यांविषयीच्या नियमांत यासाठी चार मापे दिली आहेत. कुत्रा नैसर्गिकपणे चारही पायांवर उभा असताना नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी घ्यावी, जमिनीपासून पुढच्या पायाच्या कोपरापर्यंतची उंची घ्यावी, खांद्यांची किंवा शरीराच्या सर्वांत रुंद भागाची रुंदी घ्यावी, आणि जमिनीपासून डोक्याच्या माथ्यापर्यंत किंवा कानांच्या टोकापर्यंत, यांतले जे जास्त असेल ते, घ्यावे. पिंजऱ्याची आतली लांबी ही पहिले माप अधिक दुसऱ्याचे निम्मे इतकी हवी, आतली रुंदी तिसऱ्या मापाच्या दुप्पट हवी, आणि आतली उंची चौथ्या मापात अंथरुणाची जाडी मिळवून येईल तेवढी हवी. आखूड तोंडाच्या जातींसाठी ही मापे दहा टक्क्यांनी वाढवावी लागतात.

हे मोजताना बहुतेकांची गफलत कानांपाशी होते. आपल्याकडच्या देशी कुत्र्याचे कान उभे असतात, आणि मालक मात्र माथ्यापर्यंतच मोजतात. समजा, अशा एका मध्यम बांध्याच्या कुत्रीची लांबी ७२ सेंटिमीटर, कोपराची उंची ३२, खांद्यांची रुंदी १९ आणि कानांच्या टोकापर्यंतची उंची ६४ सेंटिमीटर भरली. तिला आतून ८८ सेंटिमीटर लांब, ३८ सेंटिमीटर रुंद आणि तीन सेंटिमीटरचे अंथरूण धरून ६७ सेंटिमीटर उंच पिंजरा लागेल. दुकानात ९१ सेंटिमीटर लांब आणि ६९ सेंटिमीटर उंच असे लेबल असलेला पिंजरा पाहून तो पुरेल असे वाटते. पण लेबलावरची मापे बाहेरची असतात, आणि तळाचा उंचवटा व छताची जाडी वजा जाता आतली उंची कित्येकदा चार-पाच सेंटिमीटरने कमी भरते. काउंटरवर कुत्री पिंजऱ्यात उभी राहते, कानांची टोके छताला लागून वाकतात, आणि कर्मचाऱ्याला दुसरे काही पाहावे लागत नाही. म्हणून मोजपट्टी पिंजऱ्याच्या आत घालून, जिथे छत सर्वांत खाली आहे तिथे मोजावे, आणि मग कुत्र्याला आत उभे करून, बसवून, पूर्ण वळायला लावून पाहावे. या नियमामागचे कारण साधे आहे : ज्याला उभे राहता किंवा वळता येत नाही, त्या कुत्र्याला विमान हलले तर तोल सावरता येत नाही, आणि छताला चिकटलेल्या डोक्यामुळे त्याच्याभोवती हवा खेळत नाही.

फार मोठा पिंजराही अडचणीचा ठरतो. एटीआरसारख्या लहान विमानांत मोठा पिंजरा दारातूनच आत जात नाही, आणि काही विमानांच्या सामानकक्षात प्राण्यांसाठी लागणारी उष्णता व वायुवीजनाची सोय नसते. त्यामुळे तुमच्या पिंजऱ्याची बाहेरची मापे फोनवर सांगून, त्या विमानात तो जाईल अशी मान्यता लेखी घ्यावी. योग्य सोय असलेल्या होल्डमध्ये हवेचा दाब केबिनइतकाच असतो, आणि जिवंत प्राणी असल्याची लेखी सूचना वैमानिकाकडे जाते, ही माहिती घाबरलेल्या मालकांना मी आवर्जून सांगते.

पिंजऱ्याची जोडणी

माप बरोबर असूनही पिंजरा नाकारला गेला, तर वरचा आणि खालचा भाग कशाने जोडला आहे ते पाहावे. अनेक पिंजरे प्लॅस्टिकच्या खिट्ट्यांनी जोडलेले येतात, आणि त्या दाबाखाली उघडू शकतात, म्हणून बहुतेक कंपन्या धातूचे नट-बोल्ट मागतात. हार्डवेअरच्या दुकानात बोल्ट, नट आणि रुंद वॉशर अगदी थोड्या पैशांत मिळतात. बोल्टची टोके आत येऊ देऊ नयेत. दार वेल्ड केलेल्या धातूच्या जाळीचे असावे, त्याच्या कड्या व दांडे वर-खाली चौकटीच्या खोबणीत पुरेसे खोल बसलेले असावेत, आणि आतून नाक किंवा पंजा घालून ते उचकटता येऊ नये. कुत्र्याला आत न ठेवता दाराला खालच्या कोपऱ्यातून जोराने ढकलून पाहावे. दांडा खोबणीतून निसटला, तर दाराच्या चारही कोपऱ्यांना प्रवासाच्या दिवशी केबल टाय लावावे लागतील. ते सुरक्षा तपासणीनंतरच आवळावेत, कारण तपासणीसाठी कुत्र्याला बाहेर काढावे लागते.

चाके असतील तर काढून टाकावीत. पाण्याचे आणि खाण्याचे भांडे दाराच्या आतल्या बाजूला घट्ट बसवलेले असावे आणि दार न उघडता बाहेरून भरता यावे. आदल्या रात्री भांड्यात पाणी गोठवून ठेवले, तर पिंजरा उचलताना ते सांडत नाही आणि पुढे हळूहळू वितळून प्यायला मिळते. तळाला शोषून घेणारी चादर घालावी. पेंढा किंवा गवत घालू नये, कारण अनेक देशांत ते सीमेवरच अडवले जाते. छतावर व बाजूंना जिवंत प्राणी असल्याचे आणि वरची बाजू दाखवणारे बाणांचे लेबल लावावे, तसेच कुत्र्याचे नाव आणि पोहोचण्याच्या ठिकाणी चालू असलेला दूरध्वनी क्रमांक ठळक लिहावा. गळ्यात आवळणारी साखळी आणि तोंडाला मुसके आत असताना कधीही ठेवू नये.

फाइल

लसीकरण पुस्तिका उघडून रेबीजच्या लसीचे पान पाहावे. लसीच्या बाटलीवरून काढून चिकटवलेल्या कागदावर बॅच क्रमांक वाचता येतो का, त्यावर पशुवैद्यांची सही व शिक्का आहे का, तारीख खाडाखोड न करता लिहिली आहे का, आणि पुढील लसीची तारीख प्रवासानंतरची आहे का, या चार गोष्टी पाहाव्यात. लस पहिलीच असेल, तर ती प्रवासाच्या किमान तीन-चार आठवडे आधी दिलेली असावी, कारण तोपर्यंत ती परिणामकारक मानली जात नाही.

प्रवासयोग्यतेचे प्रमाणपत्र, ज्याला सगळे 'फिट टू फ्लाय' म्हणतात, ते किती दिवसांच्या आतले हवे, हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते. फार लवकर काढलेले प्रमाणपत्र हे नकाराचे नित्याचे कारण आहे. ते नोंदणीकृत पशुवैद्यांचेच असावे, आणि राज्य पशुवैद्यक परिषदेतील नोंदणी क्रमांक त्यावर असावा. कुत्र्याचे नाव, जात, रंग, वय आणि मालकाचे नाव हे पुस्तिका, प्रमाणपत्र आणि तिकीट या तिन्हींवर सारखे असावे. पुस्तिकेत 'इंडियन पॅराया' आणि प्रमाणपत्रात 'मिक्स ब्रीड' असे लिहिलेले असल्यास कुत्रा तोच आहे, हे कर्मचाऱ्याला पटवणे कठीण होते.

पिंजऱ्याची सवय

या तपासणीला पैसे लागत नाहीत, पण वेळ सर्वांत जास्त लागतो, म्हणून ती इतक्या खाली आली आहे. ज्या कुत्र्याने पिंजरा पहिल्यांदा विमानतळावर पाहिला, त्याचे पुढे काय होते ते मी जवळून पाहिले आहे : पुढच्या पायांची नखे जाळीत अडकून मुळाशी रक्त येते, हिरड्या घासून सोलवटतात, आणि चादर लाळेने भिजून जड होते. कुणी दयेने थांबवले नाही, तर तो तसाच होल्डमध्ये जातो.

सवय लावण्यासाठी किमान सहा ते आठ आठवडे धरावेत. सुरुवातीला दार काढून पिंजरा घरातल्या नेहमीच्या वावराच्या जागी ठेवावा आणि रोजचे जेवण आतच, अगदी मागच्या भिंतीपाशी द्यावे. कुत्रा आपणहून आत जाऊन झोपू लागला, की दार बसवावे आणि तो खात असताना काही क्षणच लोटावे. पुढे ही वेळ वाढवावी, आपण खोलीतून निघून जावे, परत यावे. बंद पिंजऱ्यात तो तास-दीड तास शांत राहू लागल्यावर दोघांनी मिळून पिंजरा थोडा उचलावा, हलवावा, पुन्हा टेकवावा. मग गाडीत ठेवून फेरी मारावी. विमानतळावर सामानाच्या सरकत्या पट्ट्यावरून जाताना, ट्रॉलीवर धक्के खाताना आणि तिरका उचलला जाताना कुत्र्याला जे जाणवते, त्याची ओळख त्याला आधीच झालेली असावी. बंद पिंजऱ्यात तो तीन-चार तास पडून राहतो, मधूनमधून झोपतो, आणि बाहेर काढल्यावर अंग झटकून नेहमीसारखा वागतो, तेव्हा तयारी झाली असे समजावे. तोपर्यंत तारीख पक्की करू नये.

या टप्प्यावर नेहमी विचारले जाते की झोपेचे औषध देऊन काम भागणार नाही का. नाही भागणार. गुंगीच्या औषधांनी रक्तदाब उतरतो, शरीराचे तापमान राखण्याची क्षमता कमी होते, आणि पिंजरा कलला तर पाय रोवून उभे राहता येत नाही. होल्डमध्ये त्याच्याकडे पाहायला कुणीही नसते. म्हणूनच कंपन्या गुंगीतला कुत्रा स्वीकारत नाहीत, आणि औषध दिल्याचे लपवणे म्हणजे कुत्र्याचा जीव धोक्यात घालणे आहे. चिंता कमी करणाऱ्या एखाद्या औषधाचा विचार पशुवैद्यांनी केलाच, तर त्याची चाचणी घरी, प्रवासाच्या पुष्कळ आधी आणि त्यांच्याच सांगण्यावरून व्हावी.

प्रकृती आणि हवामान

उड्डाणात केबिनमधील हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या दाबाइतका असतो, म्हणजे दर श्वासाला प्राणवायू थोडा कमी मिळतो. धडधाकट कुत्र्याला हे जाणवतही नाही, पण रक्त कमी असलेल्या, हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असलेल्या कुत्र्याला जाणवते. आपल्याकडे पावसाळ्यात आणि त्यानंतर गोचिडांमुळे होणारे ताप सर्रास आढळतात, आणि त्यात कुत्रा वरून बरा दिसत असतानाही रक्तातल्या पेशी कमी झालेल्या असू शकतात. ओठ वर करून हिरड्या पाहाव्यात : त्या गुलाबी असाव्यात, आणि बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांच्या आत परत यावा. फिकट वाटल्या, तर प्रवासयोग्यतेच्या प्रमाणपत्राआधी रक्ततपासणी करून घ्यावी.

उन्हाळ्यात थेट आणि पहाटेचे किंवा रात्रीचे उड्डाण घ्यावे. होल्ड आत थंड असला, तरी पिंजरा विमानाच्या बाजूला डांबरावर किती वेळ उभा राहील, हे कुणाच्या हातात नसते. मे महिन्यात नागपूरला दुपारच्या उड्डाणासाठी कुत्रा नाकारला गेला, तर वाद घालू नये. निघण्यापूर्वी तीन-चार तास हलके खाणे द्यावे, पाणी मात्र शेवटपर्यंत द्यावे, आणि आत ठेवण्याआधी चांगले फिरवून आणावे. विमानतळावर पट्ट्यासोबत छातीला नीट बसणारा हार्नेस असावा, कारण सुरक्षा तपासणीत बाहेर काढलेला घाबरलेला कुत्रा साध्या पट्ट्यातून मान सहज सोडवून घेतो.

परदेशी जायचे असेल तर

इथे क्रम चुकला, तर महिने वाया जातात. आधी आयएसओ ११७८४ व ११७८५ या मानकांप्रमाणे पंधरा अंकी मायक्रोचिप बसवावी, आणि त्यानंतरच रेबीजची लस द्यावी. लस आधी आणि चिप नंतर असे झाले, तर ती लस त्याच कुत्र्याला दिली याचा पुरावा राहत नाही आणि ती पुन्हा द्यावी लागते. भारतातून युरोपीय संघात जायचे असल्यास लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत प्रतिपिंडांची तपासणी करावी लागते, प्रमाण मिलिलिटरमागे ०.५ आंतरराष्ट्रीय एकक किंवा अधिक यावे लागते, आणि रक्त काढल्याच्या तारखेपासून तीन महिने थांबावे लागते. ब्रिटनसाठीही हेच, शिवाय पोहोचण्यापूर्वी २४ ते १२० तासांच्या दरम्यान पट्टकृमीचे औषध पशुवैद्यांनी देऊन नोंदवलेले असावे लागते. ब्रिटनमध्ये आणि ऑस्ट्रेलियात कुत्रा प्रवाशासोबत सामान म्हणून उतरू शकत नाही, त्याला कार्गोतूनच जावे लागते. हे माहीत नसल्यामुळे प्रवासी टर्मिनलवरून परतलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. अमेरिकेने १ ऑगस्ट २०२४ पासून नियम कडक केले असून कुत्रा किमान सहा महिन्यांचा आणि चिप बसवलेला असावा लागतो. भारत तिथे रेबीजच्या अधिक धोक्याच्या देशांत गणला जात असल्यामुळे इथे लस दिलेल्या कुत्र्यांसाठी जादा कागद लागतात आणि ठरावीक विमानतळांवरच उतरता येते.

निर्यातीचे आरोग्य प्रमाणपत्र केंद्र सरकारच्या प्राणी संगरोध व प्रमाणीकरण सेवेकडून मिळते. कुत्र्यासह भारतात परतताना याच सेवेचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, आणि ही सेवा दिल्ली, मुंबई, कोलकाता, चेन्नई, बेंगळुरू, हैदराबाद अशा मोजक्याच ठिकाणी असल्यामुळे आखातातून थेट गोव्याला परतणाऱ्यांनी कुत्र्यासाठी मुंबईमार्गे बेत आखावा.

कुठे थांबावे आणि कुणाला बोलवावे

पुढील प्रसंगी स्वतःचे प्रयत्न थांबवून पशुवैद्यांकडे जावे : विश्रांतीतही धाप लागणे, खोकला, झटके येण्याचा इतिहास, हृदयाचा आवाज बिघडल्याचे निदान, फिकट किंवा निळसर हिरड्या, गाभण कुत्री, आणि आखूड तोंडाच्या कुत्र्याचे झोपेतले मोठे घोरणे. आठ आठवडे नीट सवय लावूनही बंद पिंजऱ्यात कुत्रा स्वतःला जखमी करत असेल, तर वर्तनाचे प्रशिक्षण घेतलेल्या पशुवैद्यांचे मत घ्यावे, आणि ते नको म्हणाले तर ते अंतिम मानावे.

परदेश प्रवासात प्रतिपिंड तपासणी किंवा कार्गो यांपैकी काहीही लागत असेल, तर प्राणी-वाहतुकीचे काम नियमित करणाऱ्या एजंटाची मदत घ्यावी. त्याला तीनच प्रश्न विचारावेत : या देशात गेल्या काही महिन्यांत कुत्रा पाठवला आहे का, विमान बदलण्याच्या ठिकाणी कुत्र्याला कोण पाहणार, आणि नकार मिळाला तर त्या रात्री कुत्रा कुठे राहणार. तिसऱ्या प्रश्नाला नेमके उत्तर न देणाऱ्याकडे कुत्रा सोपवू नये.

काउंटरवर नकार मिळालाच, तर कोणत्या नियमाखाली तो मिळाला हे शांतपणे विचारून लेखी घ्यावे आणि ड्यूटी मॅनेजरला भेटावे. नोंदणी किंवा कागदाचा दोष असेल, तर पुढच्या उड्डाणापर्यंत तो सुटू शकतो, म्हणून तीन तास आधी पोहोचणे उपयोगी पडते. माप, प्रकृती किंवा तापमान यांवरून नकार असेल, तर आग्रह न धरता घरी परतावे.

देशांतर्गत प्रवासात विमान जमत नसेल, तर रेल्वेत वातानुकूलित प्रथम श्रेणीचा दोन किंवा चार शायिकांचा पूर्ण कक्ष स्वतःच्या नावे आरक्षित करून कुत्र्याला सोबत नेता येते. टू-टियर, थ्री-टियर किंवा स्लीपरमध्ये नेता येत नाही. तिकीट काढल्यावर कक्ष मिळावा म्हणून रेल्वेच्या वाणिज्य विभागाकडे अर्ज करावा, आणि प्रवासाच्या दिवशी गाडी सुटण्याच्या पुरेशा आधी पार्सल कार्यालयात कुत्र्याची नोंद करून पावती घ्यावी, ज्यासाठी लसीकरण पुस्तिका आणि पशुवैद्यांचे प्रमाणपत्र इथेही लागते. गार्डच्या डब्यातील पेटीतून कुत्रा पाठवण्याची सोयही आहे, पण मार्गात त्याच्या खाण्यापिण्याची जबाबदारी मालकावरच असते आणि लांबच्या प्रवासात, विशेषतः उन्हाळ्यात, मी ती कुणालाही सुचवत नाही.